डनार्ट, क्वोल सांभाळताय? या चुका टाळा

सोलापुरात प्राणिशास्त्र शिकून प्राणिसंग्रहालयात कामाला लागू पाहणाऱ्या पोरांना डनार्टचा फोटो दाखवला की एकच उत्तर येतं: "सर, हा तर उंदीरच की!" बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. हा ऑस्ट्रेलियातला पिशवीवाला शिकारी आहे, वजन जेमतेम १० ते २० ग्रॅम.

सकाळी पेटी उघडावी तर डनार्ट गार, निपचित. लगेच मेला म्हणून नोंद करू नका. अन्न कमी आणि गारवा जास्त असला की तो शरीराचा खर्च कमी करतो. अंगाचं तापमान १५ अंशांच्या आसपासही उतरतं. हलवू नका, हेअर ड्रायर तर मुळीच लावू नका. पेटी झाका, तासाभराने बघा. रोजच असं होत असेल तर सोनाराकडे असतो तसा बारीक काटा आणून वजन करा. वजन उतरतंय म्हणजे खाणं कमी पडतंय किंवा खोली फार गार आहे. एवढं करूनही हालचाल नसेल तर डॉक्टरांना बोलवा.

नुसता चिकनचा खिमा देणं ही दुसरी मोठी चूक. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. काही दिवसांनी हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय ओढत चालतात. क्वोलला, म्हणजे डनार्टच्याच नात्यातल्या मांजराएवढ्या शिकाऱ्याला, हाडांसकट अख्खा उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू द्या. डनार्टला किडे द्या, पण कॅल्शियमची पूड लावून. मांसाच्या खोलीत मांजर फिरकू देऊ नका. तिच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी या प्राण्यांच्या जिवावर बेततो.

आपल्याकडे घरोघरी टेरी टॉवेल, त्यामुळे जुना तुकडा पेटीत अंथरायचा मोह होतो. त्याच्या फासांत नखं अडकतात, सुटलेला धागा बोटाला आवळतो. वाळलेलं गवत किंवा कागदाच्या पट्ट्या बऱ्या.

अँटेकायनस या डनार्टच्याच नात्यातल्या उंदराएवढ्या प्राण्याचे नर हंगामानंतर पटापट मेले तर साथ आली म्हणून घाबरू नका. समागमाच्या धावपळीत ताणाचं संप्रेरक इतकं चढतं की प्रतिकारशक्ती कोसळते, आतून रक्तस्राव होतो. या जातीचं ते ठरलेलंच आहे.

आणि मादीच्या पिशवीत पिल्लं दिसली तर ओढून मोजायला जाऊ नका. स्तनाग्र पिल्लाच्या तोंडात फुगून घट्ट बसलेलं असतं. ओढलं तर दोघांनाही इजा. पूर्वेकडच्या क्वोलला पिल्लं ३० पर्यंत होतात, स्तनाग्रं मात्र सहाच. तेव्हा उरलेली दगावली म्हणून कीपरला कुणी बोल लावू नये.