ओठावर ताप फुटल्यास घरी काय करावे

ओठाच्या कडेला एकाच जागी चुरचुरू लागते, कातडी ताणल्यासारखी वाटते, आणि आरशात पाहावे तर काहीच दिसत नसते; ओठावर ताप फुटणार असल्याची ही पहिली खूण होय. घरी जे काही करायचे ते याच वेळी सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, कारण एक-दोन दिवसांत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, फोड फुटून ओल येते, खपली धरते आणि साधारणपणे 7 ते 10 दिवसांत जागा व्रण न राहता भरून येते.

हा त्रास हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे होतो. बहुधा लहानपणीच शरीरात शिरलेला हा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि ताप, सर्दी, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी किंवा कडक ऊन असे निमित्त मिळाले की पुन्हा ओठापर्यंत येतो. तोंड येणे हा प्रकार निराळा आहे; ते फोड तोंडाच्या आत येतात व एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. त्यामुळे तोंड आल्यावर घेतली जाणारी बी-कॉम्प्लेक्सची गोळी येथे कामाची नाही.

चुरचुर जाणवताच स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून पाच-दहा मिनिटे शेकावे आणि दिवसातून काही वेळा असे करावे. बर्फ थेट ओठाला लावू नये. असायक्लोविरचे 5 टक्क्यांचे मलम डॉक्टरांना विचारून, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस लावता येते, मात्र खपली धरल्यानंतर त्याचा फारसा फायदा होत नाही. खपली तडकून रक्त येऊ नये म्हणून पेट्रोलियम जेली कापसाच्या बोळ्याने लावावी. साजूक तूपही चालेल, पण ते वेगळ्या वाटीत काढून घ्यावे. त्याच बोटाने पुन्हा तुपाच्या भांड्यात हात घालणे योग्य नव्हे. दुखत असल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. लोणचे, लिंबू, टोमॅटो आणि तिखट पदार्थ टाळून मऊ भात, खीर, गार दूध असे झोंबणार नाही ते खावे.

चुना, टूथपेस्ट किंवा मीठ फोडांवर चोळल्याने कातडी भाजल्यासारखी होऊन जखम वाढते. त्याहून घातक म्हणजे घरात खाजेसाठी आणून ठेवलेली मलमे. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते आणि ते लावल्यास विषाणूला मोकळे रान मिळते.

चुरचुर सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरून येईपर्यंत हा संसर्ग इतरांना लागू शकतो. पाणी वरून पिण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगी पडते. पेला, चमचा, टॉवेल, लिपस्टिक आणि दाढीचे सामान या काळात वेगळे ठेवावे. फोडाला हात लागल्यास साबणाने धुवावा, आणि तो हात डोळ्याला लावू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर फारच जपावे. घरात तान्हे बाळ असेल तर अजिबात सवलत घेऊ नये. नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो, म्हणून बारशाला आलेल्या पाहुण्याच्या ओठावर फोड दिसला तर बाळाचा पापा घेऊ न देण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

ज्यांना उन्हामुळे वारंवार ताप फुटतो, त्यांनी एप्रिल-मेमध्ये बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेला लिप बाम लावावा, तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा आणि टोपी किंवा रुमालाने चेहऱ्यावर सावली धरावी. दातांच्या उपचारांनंतर फोड येत असतील तर दंतवैद्यांना आधीच सांगावे.

डोळा लाल होऊन दुखू लागला, फोड चेहऱ्यावर पसरले, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, किंवा रुग्ण कर्करोगाचे वा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध घेत असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा त्रास होणाऱ्यांना रोज घ्यावयाच्या गोळ्याही डॉक्टर देऊ शकतात.