थायरॉईड आहे म्हणून पोई (आमच्या गोव्याचा गव्हाचा पाव) सोडताय? आधी या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

आमच्या गोव्यातल्या फोंड्याला सकाळी साडेसहाच्या सुमारास पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो. गेल्या पावसात एक दिवस मी गेटवर गेलेच नाही. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला होता, टीएसएच वाढलेलं (थायरॉईड मंद झाला की हा आकडा वर जातो), अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेल्या अँटीबॉडी, तर विचारूच नका, डॉक्टरांनी हाशिमोटो म्हणून सांगितलं, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतं तो आजार (१९१२ साली हाकारू हाशिमोटो नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा लिहून ठेवलं म्हणून हे नाव, आमच्या सासूबाई अजून त्याला जपानी रोग म्हणतात), आणि मी तीन रात्री मोबाईलवर रील्स बघून ठरवून टाकलं की सगळं त्या गव्हामुळे झालंय. पोदेराने दोनदा हॉर्न वाजवला आणि गेला पुढे.

तिथून जे सात-आठ महिने मी घोळ घातले ते इथे लिहितेय.

टेस्ट करायच्या आधीच गहू बंद केला

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या निस्तरता येतात, ही निस्तरायला फार त्रास होतो. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, त्याच्यामुळे खरोखर आतडं खराब होणारा आजार म्हणजे सीलिअॅक. तो सर्वसाधारण लोकांत शंभरात एकाला असतो असं धरा, आणि हाशिमोटोसारख्या ऑटोइम्यून थायरॉईडवाल्यांत शंभरात साधारण दोन ते पाच जणांना. म्हणजे आपल्याला असण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून टेस्ट करण्यात अर्थ आहे, पण शंभरातल्या पंच्याण्णव जणांना तो नसतो हेही तितकंच खरं.

टेस्ट रक्ताचीच, टीटीजी आयजीए, आणि तिच्यासोबत टोटल आयजीए पण करून घ्यायची, कारण काहींच्या अंगात आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडीच कमी असतात आणि मग टीटीजी खोटी नॉर्मल येते. आता गंमत अशी की ही टेस्ट शरीर ग्लुटेनवर चिडून ज्या अँटीबॉडी तयार करतं त्या मोजते. तुम्ही तीन महिने गहू खाल्लाच नाही तर त्या उतरायला लागतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मी नेमकं तेच केलं, चार महिने पोई-चपाती बंद आणि मग टेस्ट, रिपोर्ट एकदम साफ, मी खूश. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गहू कधीपासून बंद आहे विचारलं, आणि कागद बाजूला ठेवून म्हणाले, "मग याचा काय उपयोग गो बाये?"

आता दोन रस्ते उरतात. एक म्हणजे परत सहा-आठ आठवडे रोज गहू खायचा आणि मग टेस्ट करायची, पण ज्याला खरंच सीलिअॅक आहे त्याचे त्यात हाल होतात. दुसरा म्हणजे एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जीनची टेस्ट, ती गहू बंद असला तरी चालते. दोन्ही जीन नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र त्यावरून आजार सिद्ध होत नाही, कारण हे जीन धडधाकट माणसांतही खूप जणांना असतात. ही टेस्ट स्वस्त नाही. माझी निगेटिव्ह आली, म्हणजे चार महिने मी सकाळी पोईकडे पाठ करून बसले ते उगाच.

"ग्लुटेन सोडलं की गोळी सुटते"

नाही सुटत. हाशिमोटोत थायरॉईडची ग्रंथीच हळूहळू निकामी होत जाते, ती पोई सोडून परत उगवत नाही. सीलिअॅक नसलेल्या हाशिमोटोवाल्यांना ग्लुटेन बंद करून फायदा होतो का यावर थोडे लहान लहान अभ्यास झालेत आणि निकाल उलटसुलट आहेत, सगळ्यांनी बंद करा असं सांगण्याइतका पुरावा नाही. कुणाला पोट हलकं वाटतं, वाटू दे, पण त्या नादात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची रोजची गोळी, बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

खरा संबंध कुठे येतो ते माझ्या नणंदेच्या बाबतीत कळलं. ती डिचोलीला असते, थायरॉईड जुना. तिची गोळी ७५ वरून १००, १०० वरून १२५ मायक्रोग्रॅम झाली तरी टीएसएच खाली येईना. सगळे तिलाच ओरडायचे, गोळी नीट घेत नाहीस म्हणून. हिमोग्लोबिन पण वर्षभर लोहाच्या गोळ्या खाऊन हलत नव्हतं, आणि पोट सारखं बिघडलेलं. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी करायला लावली, ती भरपूर वर, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सीलिअॅक निघालं. आतड्याच्या आतल्या बारीक बोटांसारख्या लव्या झिजून सपाट झाल्या की गोळी असो की लोह, रक्तात जातच नाही. ही खूण लक्षात ठेवा: डोस वाढतोय, गोळी वेळेवर घेतोय, तरी टीएसएच उतरत नाही, तर आतड्याबद्दल विचारा.

आणि याचा उलटा भाग कुणी सांगत नाही. तिने गहू कडक बंद केला, काही महिन्यांत आतडं भरून यायला लागलं आणि मग तोच १२५ चा डोस तिला जास्त व्हायला लागला. रात्री छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही. तिला वाटलं टेन्शन. तपासलं तर टीएसएच पार तळाला. म्हणून सीलिअॅकवाल्याने आहार बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचंच, आणि डोस स्थिर होईपर्यंत करत राहायचं. थायरॉक्सिन अंगात सावकाश बसतं, त्यामुळे पंधरा दिवसांत टेस्ट करून काही कळत नाही, पैसे वाया.

गहू समोर दिसतो तेवढाच नसतो

आता नणंदेसारखं ज्यांना खरंच सोडायचं आहे त्यांच्यासाठी. त्यांना थोडंसं चालतं, रविवारी एखादा उंडो (गोल पाव) चालतो, हे अजिबात नाही.

गोव्यात आपल्याला वाटतं आपण भात-हुमण (माशाची आमटी) खाणारी माणसं, आपल्याला काय कठीण. कठीण आहे, कारण गहू आपल्याकडे लपून येतो. पहिला चोर म्हणजे रवा. मला स्वतःला शिकलेल्या बायकांनी सांगितलंय की "गहू बंद आहे ना, मग उपमा खा". अगो रवा गव्हाचाच! शिरा, उपमा, बाजारच्या शेवया, लापशी, दलिया सगळं गहू. आणि आपल्याकडे तर मासळीला रवा लावल्याशिवाय तवा तापत नाही. बाहेर जेवायला गेल्यावर इसवण रवा फ्राय सोडून नुसता मसाला लावून तळलेला मागितला तरी तो त्याच तव्यावर, त्याच तेलात पडतो. नणंद आता घरी तांदळाच्या रव्यात बांगडे तळते, सगळ्यांसाठी एकच, कुणाला फरक कळत नाही, उलट जास्त कुरकुरीत होतात.

दुसरा चोर डबीतला हिंग. तो शुद्ध हिंग नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. नणंदेने दोन महिने सगळं सोडलं होतं आणि रोज आमटीला हिंगाची फोडणी चालू होती!

मग सोया सॉस (त्यात गहू असतो), माल्ट व्हिनेगर (आपलं माडाच्या सुरीचं व्हिनेगर चालतं), दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, बियर, कारण जवातही ग्लुटेन. काजू फेणीत ग्लुटेन नसतं, हे मी नवऱ्याच्या आग्रहावरून लिहितेय, थायरॉईडला ती चांगली असं मी म्हटलेलं नाही. बेबिंकेत मैदा, चवथीच्या नेवऱ्यांत मैदा. पातोळ्या, सान्नं, उकडीचे मोदक, दोदोल हे तांदळाचे, पण विकत घेताना विचारून घ्या.

खपली गहू हा सध्याचा नवा घोळ. जुना गहू आहे, पचायला हलका आहे, म्हणून ग्लुटेन नाही असं दुकानदार बिनधास्त सांगतात. खपलीत ग्लुटेन आहे, सीलिअॅकवाल्याने हात लावायचा नाही. ओट्सचंही तसंच, मुळात त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसलं तरी गिरणीत गव्हाबरोबर मिसळलेले असतात, त्यामुळे पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलेच घ्यायचे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तसं लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं.

आणि गिरण. ज्वारी-नाचणी धुऊन वाळवून नेली आणि गिरणवाल्याने आधीच्या माणसाचे गहू काढून लगेच आपली ज्वारी टाकली की पहिलं किलोभर पीठ गेलंच. तुमच्या आधी तांदूळ दळले असतील तर बरं, नाहीतर घरची छोटी चक्की घ्या, आणि नणंदेने घेतली तसं पोळपाट-लाटणं आणि काथवट पण वेगळी ठेवा. सासरी कुरकुर झाली, झाली तर झाली.

गोळी आणि तिझाण एकाच वेळी

गहू सोडल्यावर मी एकदम देशी झाले, सकाळी उठून गोळी आणि लगेच वाटीभर नाचणीचं तिझाण (गोड पेज), वर दूध. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, वर दुधाचं वेगळं, आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं. टीएसएच वाढलं आणि मी दोष दिला कंपनीला. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफी पण नाही. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या घेत असाल तर त्या आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाचे पदार्थ पण गोळीपासून लांब.

अजून एक, आपल्याकडच्या पावसाळ्यातलं. गोळ्यांची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नका, जून ते सप्टेंबर तिथे मीठसुद्धा पाणी होतं, आणि या गोळीला ओल, ऊन, उकाडा काहीच सोसत नाही. बेडरूमच्या कपाटात, झाकण घट्ट.

पाकीटवाले बिस्किट आणि मिठाचा घोळ

ग्लुटेन फ्री लिहिलेली बिस्किटं, केक, पास्ता यांत मैद्याच्या जागी बहुतेक तांदूळ-मक्याचा स्टार्च आणि साखर. माझं दोन महिन्यांत तीन किलो वाढलं आणि पोट साफ होईना, थायरॉईड मंद असला की बद्धकोष्ठ असतोच, त्यात खाण्यातले तंतू (फायबर) गेले. त्यापेक्षा उकड्या तांदळाची पेज, पोळे (तांदळाचे डोसे), ज्वारीची भाकरी, अळसांदे (चवळी), ताळखिळ्याची (टाकळ्याची) भाजी. बाजरी रोज दोन्ही वेळा नको, ती खूप खाल्ली आणि आयोडीन कमी असलं तर थायरॉईडला त्रास देऊ शकते. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ले तर घाबरायचं कारण नाही.

मीठ मात्र बघा. आरोग्याच्या नादात मी सैंधव आणि मिठागराचं गावठी मीठ सुरू केलं, दोन्हीत पुरेसं आयोडीन नाही. आपण समुद्राची मासळी खातो म्हणून थोडं भागतं, शाकाहारी घरात भागत नाही. आणि याच्या उलट टोकाला समुद्री शेवाळाच्या गोळ्या मागवणारे पण आहेत, हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन त्रास वाढवतं, ते बंद करा. साधं आयोडीनचं मीठ घ्या.

टेस्टच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबमध्ये सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे खोटे येतात, मला एकदा तर हायपर, म्हणजे थायरॉईड जास्त झालंय, असं दाखवलं होतं.

माझं आता ठरलंय. सहाला गोळी, सातला चहा. पोदेर साडेसहाला येतो तेव्हा मी जाऊन पोई घेते आणि झाकून ठेवते, अर्ध्या तासाने गरमच असते.