निळ्या देवमाशाच्या तासाची तयारी (जवळा आधी घ्या)

तासाचा दिवस आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी धरा. कारण जवळा. बाकी सगळं गावात सापडतं, सुकलेला जवळा (बारीक कोळंबी) बाजाराशिवाय सापडत नाही. पावशेर पुरे. काही पोरं नाक दाबतील, दाबू द्या.

जागा आधी बघा, देवमासा जमिनीवर खऱ्या मापाचा आखायचा आहे. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण बहुतेक ठिकाणी अपुरं पडतं आणि शेपटी पारावर चढवता येत नाही. सोयाबीन निघालेलं वावर बरं, हरभरा पेरायच्या आत, मालकाला विचारून. फक्कीचं (रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीचं) एक पोतं, लांब दोर, मीटरमीटरवर गाठ. गाठी आदल्या रात्रीच मारा, वावरात पोरं थांबत नाहीत. आखणी सकाळी, वारा सुटायच्या आत. आईच्या पोटाशी 7 मीटरचं पिल्लूही आखा, जन्मतःच ते एवढं असतं. दूध पिऊन दिवसाला 90 किलोच्या आसपास वाढतं, म्हणजे जवळजवळ क्विंटल. क्विंटल म्हटलं की आपल्या पोरांना लगेच कळतं, टन सांगत बसू नका.

छातीत हृदयाचा गोल काढा आणि पोरांना स्वतःची नाडी मोजायला लावा. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर 2014 साली सापडलेल्या मादीचं हृदय 180 किलोच्या आसपास भरलं. खोल बुडी मारल्यावर ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरतात. आवाजाची क्लिप लावू नका. तो आवाज इतका खोल असतो की मोबाईलच्या स्पीकरमधून धड निघतच नाही. वेळ जातो, पोरं हसतात.

जवळा घेतला का? परत विचारतो, कारण मागच्या वर्षी आमच्याकडे नेमका तोच राहिला. आकृती झकास झाली आणि पोरं "गुर्जी, हा मानूस खाते काय?" विचारत घरी गेली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की देवमासा बैल गिळतो. नुसतं तोंडी सांगून हे जात नाही. जवळा तळहातावर ठेवा आणि सांगा, याच्याच जातकुळीचा, बोटाच्या दोन पेरांएवढा क्रिल, हेच देवमाशाचं खाणं. दिवसाला 40 क्विंटलपर्यंत, काही ठिकाणी त्याहून जास्त. घसा इतका अरुंद की माणूस आत जाणारच नाही. मग बादलीत पाणी, त्यात जवळा, आणि पिठाची चाळणी (खिचडीच्या खोलीतली नको, ताई रागावतात). दात नाहीत, वरच्या जबड्याला झालर असते, आपल्या नखाच्याच द्रव्याची. पाणी बाहेर, क्रिल आत. जवळा नसेल तर तास पुढे ढकला, खरंच.

पालकांना दोन दिवस आधी निरोप द्या. 2017 साली गाजलेल्या 'ब्लू व्हेल' (म्हणजे निळा देवमासाच) या ऑनलाइन गेमची भीती अजून गेलेली नाही. नाव ऐकलं की फोन हिसकावतात.

संवर्धनाला फळा पुरे. तेलासाठी मारले, साबण आणि मार्गारिनसाठी; तेलबिया पिकवणाऱ्यांच्या पोरांना हे पटकन कळतं. 1930-31 च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाभोवती 29,000 हून जास्त. 1966 साली बंदी, तरी सोव्हिएत जहाजं चोरून मारत राहिली. आज जगभरात अंदाजे 10,000 ते 25,000. आता जहाजांची धडक, जाळी, तापणारा समुद्र. श्रीलंकेच्या दक्षिणेला जहाजांच्या वाटेतच त्यांची चरण्याची जागा आहे, नकाशावर बोट ठेवा. आपल्या राज्यात रेवदंड्याला 2015 साली एक 42 फुटी किनाऱ्याला लागला होता, वाचला नाही.

फक्की डोळ्यात गेली तर चोळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. चाळणी वेगळी ठेवा. हात साबणाने धुतल्याशिवाय खिचडीला बसवू नका.