पॉलिहाऊसमधला टोमॅटो: माल वाढवायचा आणि टिकवायचा कसा

माल टिकला नाही की दोष क्रेटला, गाडीला नाहीतर व्यापाऱ्याला. पण सातारा-सांगलीकडून रात्रीच्या गाडीने पुण्याला किंवा वाशीला निघालेला टोमॅटो तिथे कडक उतरणार की पिचका, हे बरंचसं बेडवरच, म्हणजे लागवडीच्या गादीवाफ्यावरच ठरलेलं असतं. म्हणून उत्पादन आणि टिकवण ही दोन वेगळी कामं धरू नका.

आधी पाणी तपासा. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी देऊन कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात. बेडसाठी तांबडी माती बाहेरून आणली, तरी विहिरीचं पाणी खारं असेल तर ठिबकमधून क्षार रोज येतच राहतात. बोरगाव किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून माती आणि पाणी दोन्हींचा ईसी (क्षारांचं प्रमाण) व सामू (पीएच) काढून घ्या. सामू ६ ते ६.८ च्या दरम्यान असला की बरं. जुन्या बेडवर पुन्हा टोमॅटोच घेणार असाल तर उपटलेल्या झाडांची मुळं बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा बारीक किडा आहे. मग उन्हाळ्यात बेड भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवा आणि लागवडीआधी निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळा.

लागवडीची वेळ अशी साधा की भर फुलोरा एप्रिल-मेमध्ये सापडणार नाही. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. जत, माण, कवठेमहांकाळकडे तर हे हमखास. फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे) आणि शेडनेटने थोडी मदत होते, पण उन्हाळा काही थांबत नाही.

वाण सतत वाढणारा आणि जाड सालीचा निवडा. झाड एक किंवा दोन खोडांवर दोरीला चढवा. बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) बोटभर असतानाच सकाळी हाताने मोडा, म्हणजे जखम दिवसभरात सुकते. पहिला घोस काढणीला आला की त्याच्या खालची पानं काढून टाका, हवा खेळते. एका घोसाला चार-पाच फळं पुरेत. जास्त ठेवली की शेवटची गोटीएवढीच राहतात.

फूल भरपूर, फळ कमी, ही पॉलिहाऊसची नेहमीची रड. टोमॅटोचं फूल स्वतःचंच पराग घेतं, पण तो झडायला हादरा लागतो. बाहेर ते काम वारा करतो, आत वारा नाही. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान फुलाखाली मोबाईलचा काळा पडदा धरून देठावर टिचकी मारा. पिवळी भुकटी पडली तर वेळ बरोबर आहे. मग ओळीच्या वरच्या तारेवर काठीने हलकेच ठोकत जा, एक दिवसाआड. भुकटी पडत नसेल तर आत दमटपणा जास्त आहे. बाजूचे पडदे उघडा आणि तासाभराने पुन्हा बघा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट, म्हणजे पाण्याचा अनियमितपणा. फळाचं बूड काळं पडलं की लोक कॅल्शियमची फवारणी करतात. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच. ते पाण्याबरोबरच वर चढतं आणि त्यातलंही बरंचसं पानं ओढून घेतात. पाण्यात खंड पडला, क्षार वाढले किंवा पोटॅश अतोनात दिलं की आधी फळ उपाशी राहतं. म्हणून दिवसाचं पाणी एकदम सोडू नका, तीन-चार पाळ्यांत द्या. बेडमधली माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पाणी सुटता कामा नये. तडकलेली फळंही कोरडं पडून एकदम भिजवल्याचीच. कॅल्शियम नायट्रेट आठवड्याला ठिबकमधून द्या, पण ०:५२:३४ (स्फुरद-पोटॅशचं) किंवा ०:०:५० (पोटॅशचं) या विद्राव्य खतांबरोबर एका टाकीत कधीच मिसळू नका, साका बसून ड्रिपर तुंबतात. फळ फुगताना नत्र कमी आणि पोटॅश बेताने वाढवत न्या. नत्राने फुगवलेलं फळ वजनाला भरतं, पण गाडीत दबतं.

पांढरी माशी आणि टुटा, म्हणजे २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडलेली नागअळी, यांच्यासाठी ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी, दुहेरी दार आणि पिवळे चिकट सापळे लावा. फाटलेली जाळी त्याच दिवशी शिवा.

तोडणी लांबच्या बाजारासाठी असेल तर बुडाशी गुलाबी छटा दिसताच करा. गावच्या बाजारासाठी निम्मं लाल होऊ द्या. दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत. फळ ओढू नका, देठाच्या गाठीवर अंगठा ठेवून वळवा. नखं कापलेली हवीत. २० किलोच्या क्रेटमध्ये आत कागद घाला आणि काठाच्या खालीच थांबा. गरम फळ थंड पाण्यात बुडवू नका, देठाच्या खाचेतून ते पाणी आत ओढतं आणि सडू लागतं. पूर्ण लाल फळ वेगळं काढा, त्याचा वायू बाकीच्यांना पिकवतो. शेजारी केळी तर नकोतच.

शीतगृहात ठेवायचा असेल तर कच्च्या मालाला १२ ते १३ अंश. १० च्या खाली गेला तर नंतर रंग नीट येत नाही, डाग पडतात. शीतगृह नसेल तर भारतीय कृषी संशोधन संस्थेची विनाऊर्जा शीतकक्षाची पद्धत स्वस्तात पडते: सावलीत विटांच्या तळावर दोन भिंती, मध्ये तीन इंचांची फट, फटीत वाळू आणि वर ओलं गोणपाट. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी मारा आणि क्रेट आत रचताना भिंतीला चिकटवू नका.