बाळाच्या अंगावर त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड उठत असेल तर

तान्ह्या बाळाच्या मांडीवर पाण्याने भरलेला फोड दिसला, की तो जंतुसंसर्गाचा किंवा किडा चावल्याचा असेल असे आपण धरून चालतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु मलम लावून बरा झालेला फोड काही दिवसांनी नेमका त्याच जागी पुन्हा उठला, तर त्वचेतील मास्टोसायटोसिसचा विचार व्हायलाच हवा. या विकारात त्वचेत मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, प्रमाणाबाहेर साठतात आणि घर्षण किंवा उष्णता लागताच त्यांतून हिस्टामीन हे सूज आणि खाज आणणारे रसायन बाहेर पडून ती जागा सुजते. पहिल्या दोन-तीन वर्षांत या सुजेचा फोडही होऊ शकतो.

फोड बसल्यावर ती जागा दिवसाच्या उजेडात पाहावी. तिथे पिवळसर-तपकिरी, बोटाला किंचित जाड लागणारा, संत्र्याच्या सालीसारखा चट्टा उरला असेल आणि आंघोळीनंतर किंवा बाळ रडताना तो लाल होऊन फुगत असेल, तर दोन्ही वेळचे फोटो काढून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेत. डॉक्टर असा चट्टा हलकेच घासून गांध उठते का ते पाहतात. या खुणेला फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांचे नाव आहे. घरी हा प्रयोग मुळीच करू नये, कारण गाठीसारख्या एकाच चट्ट्यातूनही इतके हिस्टामीन सुटू शकते की बाळाचे सारे अंग लाल होते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ज्यात सुटे डाग नसतात, तर सगळीच त्वचा जाडसर होते. यात कधी कधी आधी फोड येतात, जाडी मागाहून कळते. अशा बाळाच्या रक्तात ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारे द्रव्य, किती आहे ते तपासतात आणि गरजेनुसार त्वचेचा लहानसा तुकडाही तपासतात.

आपल्याकडे मालिश, डाळीचे पीठ, कढत पाणी आणि शेक हे बाळंतपणाचे लाड; या बाळांना मात्र तेच बाधतात. तेल नुसते लावावे, चोळू नये. पाणी कोमट असावे, अंग टिपून घ्यावे आणि लंगोटाची नाडी चट्ट्यावर येऊ देऊ नये. आजीला हे कारणासह सांगावे, म्हणजे तिला तो आपल्या हाताचा दोष वाटणार नाही.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा कोडीन देण्यापूर्वी, तसेच भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना या विकाराची कल्पना द्यावी. लस टाळू नये. विकार अंगभर असेल तर ती रुग्णालयात, देखरेखीखाली घ्यावी. बहुतेक मुलांचे चट्टे वयात येईपर्यंत फिके पडतात किंवा जातात. मात्र बाळ एकाएकी लालबुंद होऊन मलूल पडले, धापा टाकू लागले किंवा सारखे ओकू लागले, तर चट्टा पाहत न बसता १०८ क्रमांकावर फोन करावा.