जुनी लेन्स घेऊन पक्ष्यांच्या मागे

पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात करणारे बहुतेक जण आधी विचारतात, "बॉडी कोणती घेऊ?" बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी लेन्स बघा, आणि ती जुनी असली तरी बिनधास्त घ्या. बॉडी काही वर्षांत मागे पडते. चांगली काच पडत नाही.

मी आजही कॅननची ४०० मिमी एफ/५.६ वापरतो. ही लेन्स १९९३ साली आली. तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही आणि साडेतीन मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही. पण वजन सव्वा किलो, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे हातात धरून सहज फिरवता येते. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र (त्याचं माप एफ/५.६ असं लिहितात), पूर्ण उघडं ठेवूनही पिसांच्या कडा स्वच्छ येतात.

सोबत कॅननचीच २००९ ची सेव्हन-डी ही बॉडी. तिचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान, १.६ क्रॉपचा, म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा १.६ पट लहान, म्हणून चौकट ६४० मिमीइतकी आवळून मिळते. हाताच्या कंपाने फोटो हलू नये यासाठी शटरचा वेग किमान १/६४० सेकंद हवा. मी शक्यतो १/१००० च्या खाली येत नाही, आणि पक्षी उडत असेल तर १/२०००. एवढा शटर म्हणजे भरपूर प्रकाश हवा, आणि खरी अडचण इथेच आहे. या काळातल्या सेन्सरवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे सावलीतला भाग दाणेदार होतो. त्यात अंधारा आलेला फोटो नंतर उजळायला गेलं की पट्टेही दिसू लागतात. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, जागेवरच नीट द्या. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे, उजेडाच्या बाजूला, सरकू द्या, फक्त बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्याची पिसं जळत (तपशील जाऊन नुसती पांढरी होत) नाहीत ना, तेवढं पाहा. आणि ऊन पाठीशी घ्या. सकाळचा कोवळा प्रकाश हातचा जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट अंतर. पक्षी निम्म्या अंतरावर आला की चौकटीत दुप्पट मोठा दिसतो, आणि हे कुठल्याही महागड्या लेन्सइतकंच मोलाचं आहे. पाठलाग करून मात्र ते साधत नाही. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येतो. ती फांदी हेरा, आडोसा धरून बसा, कॅमेरा बीन बॅगवर (दाणे भरलेल्या पिशवीवर) टेकवा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारून पुढून तिरकं पाहा. धुळीचे चार कण दिसले तर तिकडे दुर्लक्ष करा, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. तिने काचेवरचं कोटिंग (पातळ थर) खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो. मग लेन्स कॅमेऱ्यावर चढवा, ॲपर्चर एफ/१६ ला आणा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण (ते दाबलं की ॲपर्चर प्रत्यक्ष मिटतं) दाबून पुढून बघा : ॲपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत, त्यांवर तेलाची चमक नको. घरी आणल्यावर ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा.

निकॉन घेणाऱ्यांनी एक नक्की तपासावं. जुन्या एएफ-डी लेन्सना फोकस करणारी स्वतःची मोटर नसते. डी-३००० आणि डी-५००० मालिकांच्या बॉडीतही ती नाही, त्यामुळे तिथे फोकस हाताने करावा लागतो. आतच मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सना हा प्रश्न येत नाही. टेलीकन्व्हर्टरचा (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून चित्र मोठं करणाऱ्या भिंगाचा) मोहही आवरा : १.४ पटीचा लावला की एफ/५.६ चं एफ/८ होतं आणि सेव्हन-डीचा ऑटोफोकस काम सोडतो.

पुढे बॉडी बदलावीशी वाटली तर माझ्या लेन्ससारख्या कॅननच्या ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. ज्या बॉडीत आतलं स्टॅबिलायझेशन आहे, तिच्यावर १९९३ च्या या लेन्सलाही त्याचा आधार मिळतो.