ज्युरी निवडताना पूर्वग्रहाची हरकत: नवोदितांसाठी अनुभव

कॅलिफोर्नियात फौजदारी बचावाची वकिली सुरू केली, तेव्हा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या एका खटल्यात, ज्युरीसाठी बोलावलेल्या आणि अशाच अपघातात भाऊ गमावलेल्या बाईंना मी विचारले, "तरीही तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल ना?" त्या "हो" म्हणाल्या आणि त्यांच्यावर हरकत घेण्याचा, म्हणजे त्यांना ज्युरीतून वगळा असे म्हणण्याचा, माझा आधार तिथेच संपला. हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याला "नाही" म्हणणे सज्जन माणसाला लाजिरवाणे वाटते. "त्या अनुभवामुळे आरोपीकडे पाहताना मनात काय येते?" असे विचारून शांत राहावे, मिळालेल्या प्रामाणिक उत्तराबद्दल आभार मानावेत, आणि ती भावना बाजूला ठेवणे कठीण जाईल का, हे त्या व्यक्तीच्याच शब्दांत न्यायालयाच्या नोंदीवर येऊ द्यावे.

हे शब्दच सकारण हरकतीचा, म्हणजे पूर्वग्रहासारखे कारण दाखवून घेतलेल्या हरकतीचा, पाया असतात. अशा हरकतींना संख्येची मर्यादा नसते; कारण न देता घ्यायच्या हरकती मात्र गंभीर गुन्ह्यात एका आरोपीसाठी सहसा 10, आणि मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या खटल्यात 20 असतात. सकारण हरकत फेटाळली गेली, तर तो मुद्दा अपिलात टिकवण्यासाठी सर्वसाधारणपणे त्याच व्यक्तीवर अकारण हरकत खर्च करावी लागते, उरलेल्याही संपवाव्या लागतात आणि अंतिम ज्युरीबद्दल असमाधान नोंदवावे लागते. धावपळीत ही शेवटची पायरी हमखास राहून जाते.

अकारण हरकत वंशावरून घेण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या बॅट्सन निकालाने मनाई केली, तर 1994 मध्ये लिंगावरून घेण्यासही मनाई झाली. कॅलिफोर्नियाच्या फौजदारी खटल्यांत 2022 पासून भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याचीही गरज उरलेली नाही, आणि इंग्रजी मातृभाषा नसणे हे कारण मुळातच अवैध गृहीत धरले जाते. ज्युरीच्या बोलावण्यावर आलेल्या मराठी माणसाला हे संरक्षण आहे, याचे मला विशेष मोल वाटते. 1908 साली 'केसरी'तील मराठी लेखांवरून टिळकांवर चाललेल्या खटल्यात नऊपैकी सात ज्युरर युरोपीय होते, आणि त्या ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले.

हरकत घेताना न्यायाधीशांच्या आसनाजवळ, त्या व्यक्तीला ऐकू न जाता, बोलण्याची परवानगी मागावी, कारण हरकत फेटाळली गेली तर तीच व्यक्ती तुमच्या अशिलाचा निवाडा करायला बसू शकते.